जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली: घाई कोणी करावी, कोणी थांबावे?

प्रतिनिधी

'विंडोज १०' या कार्यप्रणालीला, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमला, मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी घरोघरच्या संगणकांना काहीही झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते नेहमीप्रमाणे सुरू झाले, बँकेची संकेतस्थळे उघडली, मुलांचे प्रकल्प छापले गेले. त्यामुळे 'चालते आहे ना, मग कशाला हात लावायचा?' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. दुसरीकडे, दुरुस्तीसाठी संगणक घेऊन गेलेल्या ग्राहकाला 'आता हा जुना झाला, नवाच घ्या' असा सल्ला सर्रास मिळतो.

ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. संगणकाचे वय हा निर्णयाचा एकच आणि तोही दुय्यम घटक आहे. खरा निर्णय चार प्रश्नांवर अवलंबून असतो. संगणक इंटरनेटला जोडलेला आहे का? त्यावर पैशांचे किंवा ओळखपत्रांशी संबंधित व्यवहार होतात का? नव्या कार्यप्रणालीच्या अटी ते यंत्र पूर्ण करते का? आणि आज त्यावर होणारे कोणते काम उद्या होणार नाही? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, की काय करायचे ते बहुधा आपोआप ठरते.

आधार संपतो म्हणजे नेमके काय होते?

कार्यप्रणाली ही लक्षावधी ओळींची आज्ञावली असते. इतक्या मोठ्या रचनेत चुका राहतातच. त्यातील काही चुका अशा असतात, की त्यांचा फायदा घेऊन दूरवर बसलेली व्यक्ती दुसऱ्याच्या संगणकात शिरू शकते. अशी त्रुटी लक्षात आली, की कंपनी तिच्यावर दुरुस्ती तयार करते आणि ती इंटरनेटवरून संगणकात उतरते. मायक्रोसॉफ्टच्या या दुरुस्त्या साधारणपणे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात.

आधार संपल्यावर या दुरुस्त्या थांबतात. त्रुटी मात्र सापडतच राहतात. किंबहुना धोका थोडा वाढतो, कारण विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा बराचसा पाया समान आहे. विंडोज ११ साठी आलेली दुरुस्ती तपासून 'ही खिडकी जुन्या घरातही उघडी असणार' असा अंदाज बांधणे जाणकार चोराला कठीण नसते.

दुसरा परिणाम हळूहळू जाणवतो. इतर कंपन्याही आपली सॉफ्टवेअर जुन्या कार्यप्रणालीसाठी बनवणे थांबवतात. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी गुगलचा क्रोम ब्राउजर त्यावर पुढे तीन वर्षे अद्ययावत होत राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमची ११० वी आवृत्ती आली आणि विंडोज ७ व ८.१ साठी तो मार्ग बंद झाला. जुना ब्राउजर राहिला, की काही काळाने बँका आणि सरकारी संकेतस्थळे त्यावर नीट उघडेनाशी होतात. संगणक बिघडलेला नसतो, पण जगाशी त्याचा संवाद तुटत जातो.

एक्सपीचा धडा

हे सारे कागदावरचे भय आहे, असे मानण्याचे कारण नाही. २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेली 'विंडोज एक्सपी' अनेक वर्षे लोकप्रिय राहिली. तिचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरीही असंख्य कार्यालयांनी ती सोडली नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले. संगणकातील फायली कुलूपबंद करून त्या सोडवण्यासाठी ते पैसे मागत असे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना त्याचा फटका बसला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेतील रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. परिस्थिती इतकी गंभीर होती, की आधार संपून तीन वर्षे झालेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती काढली.

या घटनेत एक तपशील महत्त्वाचा आहे. वॉनाक्रायने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती त्या काळी आधार असलेल्या कार्यप्रणालींसाठी १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध झाली होती. बळी पडलेल्या संगणकांपैकी बहुतांश विंडोज ७ चे होते. त्यांना आधार होता, पण दुरुस्ती बसवलेली नव्हती. म्हणजेच नवी कार्यप्रणाली घेऊन तिची अद्यतने बंद ठेवणारा आणि जुनीच कार्यप्रणाली वापरणारा, हे दोघे जवळपास सारख्याच धोक्यात असतात.

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' नावाचा हल्ला झाला. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्यतनातून त्याची सुरुवात झाली. पसरण्यासाठी त्याने वॉनाक्रायने वापरलेली त्रुटी आणि संगणकांतून चोरलेले पासवर्ड यांचा वापर केला. मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा त्यात कोलमडल्या आणि त्याची झळ थेट नवी मुंबईतील जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचली. या समूहाकडे असलेल्या तेथील टर्मिनलमधील कंटेनरची हाताळणी विस्कळीत झाली. हजारो किलोमीटरवरील एका कार्यालयातल्या संगणकाची बाधा उरणच्या रस्त्यावरील ट्रकच्या रांगेपर्यंत पोहोचू शकते, हे त्या वेळी दिसले.

विंडोज ११ च्या अटी

विंडोज ११ ही कार्यप्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी उपलब्ध झाली. विंडोज १० चा अधिकृत परवाना असलेल्यांना ती विनामूल्य मिळते. अडचण पैशांची नाही, अटींची आहे. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी बहुतेक संगणक पूर्ण करतात. खरी चाळणी पुढच्या तीन अटींची आहे.

पहिली अट प्रोसेसरची. इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. ही पिढी २०१७ मध्ये बाजारात येऊ लागली. नावावरून ती ओळखता येते. 'आय ५-७२०० यू' यात जोडरेषेनंतरचा पहिला अंक ७ आहे, म्हणजे तो सातव्या पिढीचा, आणि म्हणून अपात्र. 'आय ५-८२५० यू' हा आठव्या पिढीचा, म्हणून पात्र. दहाव्या पिढीपासून पुढे पहिले दोन अंक पिढी सांगतात. एएमडीच्या रायझेन प्रोसेसरमध्ये २००० या मालिकेपासून पुढची मॉडेल बहुतांशी चालतात, मात्र त्या मालिकेतील काही मॉडेल यादीत नाहीत. पेंटियम, सेलेरॉन आणि रायझेन २००० वापरणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील यादीत आपले मॉडेल शोधणे हाच खात्रीचा मार्ग होय.

दुसरी अट 'टीपीएम २.०' ची. ही संगणकातील एक सुरक्षा चिप किंवा प्रोसेसरमध्येच असलेली तशी सोय असते. पासवर्ड आणि कुलूपबंद माहितीच्या किल्ल्या ती वेगळ्या जागी सांभाळते. तिसरी अट 'सिक्युअर बूट' ची. संगणक सुरू होताना कार्यप्रणालीच्या आधीच एखादी घातक आज्ञावली शिरणार नाही, याची ती काळजी घेते.

या दोन अटींबाबत अनेकांची फसगत होते. पात्र संगणकातही, विशेषतः दुकानात जोडून घेतलेल्या संगणकात, ही सोय असूनही बंद ठेवलेली असते आणि तपासणीत 'हा संगणक चालणार नाही' असा शेरा येतो. संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बायोसच्या पडद्यावर इंटेलच्या बाबतीत ती 'पीटीटी' आणि एएमडीच्या बाबतीत 'एफटीपीएम' या नावाने सापडते. ती सुरू केली, की तोच संगणक पात्र ठरू शकतो. नवा संगणक घेण्याआधी ही एक तपासणी करून घेण्यास विसरू नये.

पात्रता पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. कोणती अट पूर्ण होत नाही, तेही ते सांगते. 'सेटिंग्ज' मधील 'विंडोज अपडेट' या पानावरही संगणक पात्र आहे की नाही, हे दिसते.

पात्र असणे आणि वेगाने चालणे

संगणक पात्र ठरला म्हणजे तो सुखाने चालेल, असे नाही. २००७ मध्ये 'विंडोज व्हिस्टा' आली, त्या वेळी 'व्हिस्टा चालू शकेल' अशा अर्थाचे स्टिकर लावलेल्या काही संगणकांवर तिची केवळ प्राथमिक आवृत्तीच चालत असे. अमेरिकेत त्यावरून ग्राहक न्यायालयात गेले होते. किमान अट ही कार्यप्रणाली सुरू होण्याची अट असते, काम करण्याची नव्हे.

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम ही अट कागदावर पुरेशी आहे. प्रत्यक्षात ब्राउजरच्या चार-पाच खिडक्या आणि एखादी ऑनलाइन बैठक एकत्र सुरू केली, की असा संगणक अडखळतो. ८ जीबी ही व्यवहार्य पातळी म्हणता येईल.

त्याहून मोठा फरक साठवणीच्या प्रकाराने पडतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक बारीक दांडा जागा शोधत मागेपुढे होतो. शेकडो छोट्या फायली एकाच वेळी वाचायच्या झाल्या, की त्या शोधातच वेळ जातो. संगणक सुरू होण्यास लागणाऱ्या पाच-सात मिनिटांचे बहुधा हेच कारण असते. 'एसएसडी' मध्ये फिरणारा भाग नसतो. २.५ इंची हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये त्याच मापाची एसएसडी सहसा बसते आणि जुनी साठवण जशीच्या तशी तिच्यावर उतरवून घेता येते. केवळ 'संगणक मंद झाला' म्हणून कार्यप्रणाली बदलायची असेल, तर आधी हा बदल करून पाहावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात हे काम बहुधा त्याच दिवशी करून मिळते. रॅम घेताना मात्र आपल्या यंत्राला 'डीडीआर ३' लागते की 'डीडीआर ४', हे पाहूनच जावे. एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

वाढीव मुदत: श्वास घेण्यास सवड

ज्यांना लगेच निर्णय घ्यायचा नाही, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव मुदत जाहीर केली. घरगुती वापरकर्त्यांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्यासाठी तीन मार्ग ठेवण्यात आले. संगणकाच्या सेटिंग्जची प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवण्यास संमती दिल्यास ही सोय विनामूल्य मिळते, कंपनीच्या बक्षीस योजनेतील १००० गुण खर्च करून मिळते किंवा एकदाच ३० डॉलर, वा तितकी स्थानिक रक्कम, भरून मिळते. एका परवान्यावर दहापर्यंत संगणक जोडता येतात. संगणकावर विंडोज १० ची '२२एच२' ही शेवटची आवृत्ती असणे आणि मायक्रोसॉफ्टचे खाते असणे या त्यातील अटी आहेत. नोंदणीचा दुवा 'विंडोज अपडेट' च्या पानावर दिसतो.

कंपन्या आणि संस्थांसाठी वेगळी योजना आहे. तिचा पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर ठेवण्यात आला, तो दर वर्षी दुप्पट होतो आणि ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते. पन्नास संगणक असलेल्या कार्यालयाने हा हिशेब मांडला, तर तिसऱ्या वर्षी थांबणे हे बदलण्यापेक्षा महाग पडण्याचा संभव आहे.

या मुदतीत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. नव्या सोयी किंवा तांत्रिक मदत मिळत नाही. म्हणून ही मुदत निर्णय टाळण्यासाठी वापरू नये. कागदपत्रे आवरणे, जुन्या फायली बदलून घेणे आणि पैशांची तरतूद करणे, यासाठी तिचा उपयोग करावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'ऑफिस २०१६' आणि 'ऑफिस २०१९' यांचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. त्यामुळे कार्यप्रणाली बदलली तरी जुने ऑफिस तसेच राहिल्यास काम अर्धवटच होते.

मराठी मजकुराचे काय?

मराठी वापरकर्त्यांपुढे एक स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीतील टंकलेखन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये होत असे. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे आकार बसवलेले असत. फाँट संगणकात असेल तोवर पडद्यावर मराठी दिसते. तो नसेल तर त्याच फायलीत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खच दिसतो. छापखाने, वकिलांची कार्यालये, सहकारी गृहनिर्माण संस्था, शाळा आणि साहित्यसंस्था यांच्याकडे अशा फायलींचे वीस-पंचवीस वर्षांचे साठे आहेत.

नव्या कार्यप्रणालीत जुने ट्रूटाइप फाँट सहसा चालतात. अडचण येते ती टंकलेखनाच्या जुन्या सॉफ्टवेअरची आणि त्यासोबत मिळालेल्या 'डोंगल' ची. हा डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरचे कुलूप, पूर्वी संगणकाच्या पाठीमागील प्रिंटरच्या २५ पिनांच्या जागी लावला जाई. नव्या संगणकांत ती जागाच नसते, आणि असली तरी डोंगलचा जुना ड्रायव्हर चालेलच असे नाही.

आणखी एक तांत्रिक भिंत आहे. विंडोज १० ही ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही प्रकारांत उपलब्ध होती. विंडोज ११ केवळ ६४ बिट आहे. ३२ बिट विंडोज असलेल्या संगणकावर नवी कार्यप्रणाली 'वरून' बसवता येत नाही, सारे पुसून नव्याने बसवावी लागते. सर्व सॉफ्टवेअरही पुन्हा टाकावी लागतात. ६४ बिट विंडोजवर १६ बिटची सॉफ्टवेअर थेट चालत नाहीत. फॉक्सप्रोमध्ये कोणीतरी लिहून दिलेली डॉसवरची पगारपत्रके, सोसायटीचे हिशेब किंवा ग्रंथालयाची नोंदवही आजही वापरली जात असेल, तर कार्यप्रणाली बदलताच ती उघडणार नाही. 'डॉसबॉक्स' सारख्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने मार्ग निघू शकतो, पण त्याची चाचणी बदलापूर्वी व्हावी. जुन्या स्कॅनर आणि प्रिंटरचे ३२ बिट ड्रायव्हरही ६४ बिटवर चालत नाहीत.

यावर उपाय आहे, पण तो क्रमाने करावा लागतो. जुना संगणक नीट चालत असतानाच महत्त्वाच्या फायली उघडून त्यांची पीडीएफ प्रत काढावी. म्हणजे निदान वाचता येईल असा पुरावा उरतो. ज्या फायलींत पुढेही फेरफार करायचे आहेत, त्या फाँट परिवर्तकाच्या मदतीने युनिकोडमध्ये आणाव्यात आणि जोडाक्षरे, रफार व अनुस्वार नीट आले की नाही, हे डोळ्यांखालून घालावे. अशा परिवर्तनात चुका हमखास राहतात. फाँटच्या मूळ फायलींचीही प्रत ठेवावी. हे काम संपेपर्यंत जुना संगणक मोडीत काढू नये.

पात्र नसलेल्या संगणकाचे चार मार्ग

पहिला मार्ग वाढीव मुदतीचा. तो वर आलाच आहे.

दुसरा मार्ग आडवळणाचा. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत आणि काही दुकानदार त्या सुचवतात. अशा संगणकाला अद्यतने मिळतीलच याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. २०२४ मधील '२४एच२' या आवृत्तीपासून तर काही विशिष्ट आज्ञा न समजणाऱ्या फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ सुरूच होत नाही. ज्या सुरक्षेसाठी हा बदल करायचा, तिचीच शाश्वती नसेल तर हा खटाटोप व्यर्थ ठरतो. हौशी जाणकारांनी तो करून पाहावा, पण घरच्या बँक व्यवहारांसाठी किंवा कार्यालयासाठी तो योग्य नव्हे.

तिसरा मार्ग लिनक्सचा. उबुंटू आणि लिनक्स मिंट या कार्यप्रणाली विनामूल्य आहेत. उबुंटूच्या एप्रिल २०२४ मधील दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला आणि तिच्यावर आधारित लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. 'टीपीएम' ची अट नाही. मिंटसाठी २ जीबी रॅम किमान आणि ४ जीबी रॅम सोयीची मानली जाते. पेनड्राइव्हवरून सुरू करून, संगणकात काहीही न बदलता ती वापरून पाहता येते. वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतो का, हे अशा चाचणीतच कळते. मराठी युनिकोड टंकलेखनाची सोय तीत आहे. इंटरनेट, ई-मेल, चित्रपट पाहणे आणि लिब्रेऑफिसमध्ये पत्रलेखन एवढेच काम असल्यास तिच्यावर फारसे अडत नाही. टॅलीसारखी विंडोजसाठी बनवलेली सॉफ्टवेअर मात्र तीवर थेट चालत नाहीत. डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी विचारावे.

चौथा मार्ग संगणकाला इंटरनेटपासून तोडण्याचा. छापखान्यातील जुने डीटीपी किंवा एखाद्या यंत्राला जोडलेला संगणक असेल, तर त्याची जाळ्याची तार काढून आणि वायफाय बंद करून तो आहे तसा वापरता येतो. मात्र त्यात लावला जाणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या, अद्ययावत संगणकावर तपासला पाहिजे. व्हायरस त्या वाटेनेही येतात.

बदलण्यापूर्वी

कार्यप्रणाली बदलण्याच्या कामात सर्वांत मोठे नुकसान संगणकाचे होत नाही, माहितीचे होते. म्हणून छायाचित्रे, कागदपत्रे, हिशेब आणि ई-मेलची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. शक्य असल्यास दोन ठिकाणी ठेवावी आणि प्रत घेतल्यावर त्यातील दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न तपासलेल्या प्रतीवर विसंबून राहणे धोक्याचे असते. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच सॉफ्टवेअरमधून घ्यावा आणि परवान्याची माहिती लिहून ठेवावी.

अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क 'बिटलॉकर' या सोयीने कुलूपबंद असते आणि मालकाला ते ठाऊकही नसते. बायोसमध्ये फेरफार केल्यावर असा लॅपटॉप ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती नसेल, तर माहिती कायमची हातची जाते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ही किल्ली सहसा साठवलेली असते. ती आधी शोधून कागदावर लिहून ठेवावी.

लॅपटॉपचा चार्जर जोडलेला ठेवावा, वीज जाण्याचा संभव असल्यास डेस्कटॉपला यूपीएस असावा. परीक्षा, विवरणपत्राची मुदत किंवा अंकाची छपाई तोंडावर असताना हे काम काढू नये. विंडोज ११ बसवल्यानंतर दहा दिवसांपर्यंत 'गो बॅक' या पर्यायाने विंडोज १० वर परतता येते. या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि मराठी टंकलेखन यांची चाचणी घ्यावी. डिस्कवर जागा करण्यासाठी या काळात जुन्या विंडोजच्या फायली पुसल्या, तर परतीची वाट बंद होते.

कोणी काय करावे?

निवृत्त दांपत्याच्या घरातील २०१९ चा लॅपटॉप, त्यावर बँक व्यवहार, आयकर विवरणपत्र आणि परदेशातील मुलांशी संभाषण. असा संगणक पात्र असण्याचा संभव मोठा आहे. त्यांनी फार थांबू नये. पैशांचे व्यवहार आधार नसलेल्या कार्यप्रणालीवर करणे, हा या साऱ्यातील सर्वांत मोठा धोका आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडील २०१६ चा, सहाव्या पिढीचा लॅपटॉप. तो पात्र नाही, पण टाकाऊही नाही. एसएसडी आणि लिनक्स यांच्या जोरावर तो आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो. अभ्यासक्रमात विंडोजचेच सॉफ्टवेअर सक्तीचे असेल, तर वाढीव मुदत घेऊन तोवर नव्याची तरतूद करावी.

किराणा दुकान किंवा सल्लागाराचे छोटे कार्यालय, जेथे हिशेब आणि जीएसटीची कामे एकाच संगणकावर होतात. येथे ग्राहकांची माहितीही पणाला लागलेली असते. संगणक पात्र नसेल तर तो बदलण्याचा खर्च टाळू नये. दोन संगणक असतील तर आधी एक बदलून महिनाभर पाहावे.

जुन्या मराठी फायलींचा साठा असलेली संस्था. तिने जुना संगणक इंटरनेटपासून तोडून जपावा, रोजच्या कामासाठी दुसरा ठेवावा आणि साठ्याचे युनिकोडमध्ये परिवर्तन हे स्वतंत्र काम मानून हाती घ्यावे.

जुना संगणक टाकताना

विंडोज १० चा आधार संपल्याने जगभरात सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतील, असा अंदाज 'कॅनालिस' या बाजारसंशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तवला होता. संगणकातील शिसे आणि इतर घातक द्रव्ये जमिनीत व पाण्यात जाऊ नयेत, यासाठी भारतात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे किंवा उत्पादक कंपनीच्या संकलन योजनेत संगणक द्यावा.

त्याआधी डिस्क पुसावी. फायली 'डिलीट' केल्याने त्या जात नाहीत, फक्त त्यांची नोंद जाते. आधार कार्डाची प्रत, बँकेची विवरणपत्रे आणि घरची छायाचित्रे अशा डिस्कवरून परत मिळवता येतात. विंडोजमधील 'रिसेट' करताना डिस्क पूर्ण स्वच्छ करण्याचा पर्याय निवडावा किंवा डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी. एखाद्या गरजू विद्यार्थ्याला संगणक द्यायचा असेल, तरी ही काळजी घ्यावीच. त्याला देताना आधार असलेली कार्यप्रणाली बसवून दिली, तर त्या देणगीचा खरा उपयोग होईल.